अस्वलाच्या गुहेचं माप

“हे अस्वल दिवाणियात का झोपलंय?”

डॉक्टर नूरांनी हे अगदी शांतपणे विचारलं. दिवाणिया म्हणजे कुवैती घरातली पाहुण्यांची मोठी खोली. चारी भिंतींना लागून गाद्या, मधे मोकळी जागा, वीस-पंचवीस माणसं आरामात बसतील एवढी. आमच्या वर्कशॉपमधली गुहा बघून त्यांना ती आठवली, यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. गुहेत एका कोपऱ्यात काळ्या अस्वलाच्या मादीचं मॉडेल अंगाची गुंडाळी करून पडलं होतं. मॉडेल खऱ्या अस्वलाएवढं होतं. तरी ते कोणीतरी विसरून गेलेल्या बोचक्यासारखं दिसत होतं.

डॉक्टर नूरा आत शिरल्या. शिरल्या म्हणजे चालत गेल्या, मानसुद्धा वाकवावी लागली नाही. त्यांनी मॉडेलच्या पोटाशी असलेली दोन इवलीशी पिल्लं हाताने चाचपली आणि म्हणाल्या, “पिल्लं ऐन थंडीत जन्मतात. अंगावर धड केसही नसतात. या हॉलमध्ये ती सकाळपर्यंत जगणार नाहीत.”

मग त्यांनी आमचे मॅनेजर, इंजिनियर हानी, यांच्याकडे पाहिलं. हानींनी सुतारांचे फोरमन दत्तूकाका यांच्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. कारण गुहेचं ड्रॉइंग मी काढलं होतं.

आमची कंपनी प्रदर्शनं बांधते. मीना अब्दुल्लाला कारखान्यांच्या रांगेत आमचं वर्कशॉप आहे. मॉलमधले देखावे, म्युझियममधली मॉडेलं, शाळांचे सायन्स कॉर्नर अशी कामं आम्ही करतो. हे काम एगैलाच्या एका मॉलसाठी होतं. शाळांच्या सुट्टीत मुलांना ‘प्राणी हिवाळा कसा काढतात’ ते दाखवायचं होतं. त्यातला मुख्य देखावा उत्तर अमेरिकेतल्या जंगली काळ्या अस्वलाच्या गुहेचा. डॉक्टर नूरा प्राणिशास्त्राच्या डॉक्टर आणि क्लायंटच्या सल्लागार. त्या ‘हो’ म्हणाल्याशिवाय मॉलमध्ये एक खिळाही जाणार नव्हता.

मी दोन वर्षं या कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. स्क्रू, बिजागऱ्या, सँडपेपर मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. रत्नागिरीत कॉलेजची दोन वर्षं झाली होती, मग घरची अडचण आली आणि मी इकडे आलो. आता दूरशिक्षणाने बी.ए. करतो आहे, परीक्षेपुरता गावी जातो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हानींना हे कळलं, मला थोडंफार ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, येतं हेही कळलं, तेव्हा ते म्हणाले, “तीन महिने ड्रॉइंग रूममध्ये बस. जमलं तर तिथेच राहशील. नाही जमलं तर स्टोअर आहेच.” अस्वलाची गुहा हे त्या तीन महिन्यांतलं माझं पहिलं स्वतंत्र काम होतं, आणि तीन महिने संपायला दोन आठवडे उरले होते.

“माप कोणी दिलं?” हानींनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दत्तूकाका म्हणाले, “साहब, मेरे हाथ से बड़ा हो गया. सुतार का हाथ है, छोटा काम करने को नहीं आता.”

दत्तूकाका संगमेश्वर तालुक्यातले. बावीस वर्षं कुवैतमध्ये आहेत. त्यांच्या हातून काही आपोआप मोठं होत नाही. ते अर्ध्या मिलिमीटरसाठी पोरांना शिव्या देतात. हानींनाही हे ठाऊक होतं. पण क्लायंटसमोर ते काही बोलले नाहीत. डॉक्टर नूरांना एवढंच म्हणाले, “बुधवारी परत या. बदललेलं असेल.”

“बुधवारी नाही झालं,” डॉक्टर नूरा पर्स उचलत म्हणाल्या, “तर गुहा काढून टाकू. मी तिथे पेंग्विन ठेवीन. पेंग्विनला घर लागत नाही.”

तो गुरुवार होता. मी त्या दिवशी खरं बोललो नाही. बसमध्येही नाही. दत्तूकाका माझ्या पुढच्या सीटवर बसून शांतपणे शेंगदाणे खात होते.

माझी चूक कशी झाली ते सांगतो.

काम मिळाल्यावर मी इंटरनेटवर शोधायला बसलो. जंगलातल्या अस्वलांवर अभ्यास करणाऱ्यांचं लिखाण बरंच सापडलं, पण त्यात ठाम माप मिळेना. एक म्हणे, झाडाच्या पोकळ बुंध्यात झोपतं. दुसरा म्हणे, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली उकरून. तिसरा म्हणे, खडकाच्या कपारीत. काही अस्वलं तर नुसत्या फांद्यांच्या ढिगाखाली पडून राहतात. आकाराबद्दल सगळे ‘जेमतेम मावेल एवढी’ असं काहीतरी लिहीत. मला ते अभ्यासाऐवजी टाळाटाळ वाटली. जेमतेम म्हणजे किती? ऑटोकॅडमध्ये जेमतेम टाईप करता येत नाही.

मग एक छान आखलेला नकाशा सापडला. त्यावर ‘डेन’ असंच लिहिलं होतं. लांबी, रुंदी, उंची, दार, सगळं मिलिमीटरमध्ये. मी ते उतरवून घेतलं. नकाशा प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त अस्वलांच्या कोठडीचा होता. उंची एवढी होती कारण झाडू मारायला माणूस आत जातो. हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण वर आकडे एवढे स्वच्छ होते, की मी बारीक अक्षरांना फार मान दिला नाही.

आमच्या घरी छापील कागदाला कोणी उलट प्रश्न विचारत नसे. रेशनकार्डावर वडिलांचं वय चार वर्षं चुकलेलं आहे. ते दुरुस्त करायला वडील कधी गेले नाहीत. उलट कोणी वय विचारलं की कार्डावरचं सांगतात. मी कॉलेजात गेलो, पण ही सवय तशीच राहिली. आणि दुसरी एक सवय लागली. ‘मला माहीत नाही’ म्हटलं की लोकांना कळेल, हा खरा कॉलेजचा नाहीच. म्हणून मी ते कधी म्हणत नसे.

ड्रॉइंग हातात घेतल्यावर दत्तूकाकांनी त्याच दिवशी विचारलं होतं, “प्रोफेसर, ह्या अस्वलाला बायकापोरं किती?”

ते मला प्रोफेसर म्हणतात.

“का, काका?”

“आपल्या फ्लॅटमधली आठ माणसं झोपतील हो ह्यात. वर पाहुणा आला तर तोही.”

“तसंच असतं. अभ्यास करून काढलंय.”

“बरं,” ते म्हणाले. “अभ्यास केलास तर मग झालं.” आणि त्यांनी प्लाय कापायला घेतला.

शुक्रवारी सुट्टी. आम्ही राहतो तो फ्लॅट कंपनीचा, खोलीत चार बंकबेड, म्हणजे एकावर एक दोन पलंग. एसी सेंट्रल आहे, त्याचं बटण आमच्या हातात नाही. नोव्हेंबरातही तो मे महिन्यासारखा चालतो. जेवण झाल्यावर सगळे झोपले. मला झोप येईना. मी खुर्चीवर बसून मोबाईलवर पुन्हा ते जंगली अस्वलांचं लिखाण वाचत होतो. आता मन लावून, बारीक अक्षरांसकट.

अस्वल जागा निवडताना काय बघतं, ते त्यात होतं. वारा थेट आत येऊ नये. बर्फ वितळल्यावर पाणी आत उतरू नये. फारशी वर्दळ नसावी, कारण त्याची झोप आपल्याला वाटते तेवढी गाढ नसते, त्रास झाला तर ते उठून दुसरीकडे जातं. गुहेचं तोंड इतकं अरुंद, की अंग चोरून आत जावं लागेल. आतली जागा अंगाच्या गुंडाळीएवढी. कारण संपूर्ण हिवाळा ते काही खात नाही, शेकोटी नाही, हीटर नाही. जी ऊब आहे ती त्याच्याच अंगाची. जागा मोठी असेल तर ती ऊब रिकाम्या हवेवर खर्च होणार.

एवढं वाचून मी मान वर केली. समोर दत्तूकाकांचा पलंग होता.

फ्लॅटमध्ये सगळ्यात जुने ते, म्हणून जागा निवडायचा पहिला मान त्यांचा होता. नवीन माणूस आला की खिडकीजवळचा वरचा पलंग मागतो, तिथे मोबाईलला रेंज चांगली येते. काकांनी तो घेतला नाही. एसीच्या झरोक्याखालचा घेतला नाही, कारण तिथे पाणी ठिबकतं. दाराजवळचा घेतला नाही, कारण लोक ये-जा करतात आणि पॅसेजमधला वारा येतो. त्यांनी आतल्या कोपऱ्यातला खालचा पलंग घेतला, दोन बाजूंनी भिंत असलेला. गादीखाली पुठ्ठे घातले. उरलेल्या दोन बाजूंना चादरी लावल्या आणि कडा गादीखाली खोचल्या. पायाशी बॅग लावून फट बंद केली. एका टोकाला कपड्यांचे दोन चिमटे आहेत, तेवढे काढून ते आडवे होऊन आत सरकतात. आम्ही दोन-दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडतो. ते आत बनियनवर झोपतात.

दोन वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

“काका,” मी हाक मारली. “जागे आहात?”

चादरीआडून आवाज आला, “आता झालो.”

“तुमच्या पलंगाचं माप घेऊ?”

एक चिमटा निघाला आणि काकांचं अर्धं डोकं बाहेर आलं. “मी गावाला गेलो की हा पलंग रंगवाल्या रफिकला द्यायचा ठरलाय. तू मधे येऊ नको.”

मी त्यांना सगळं सांगितलं. कोठडीचा नकाशा, बारीक अक्षरं, सगळं.

“मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “आमच्या सह्याद्रीत अस्वल असतं. ते काय असल्या महालात राहत नाय. आता ते थंडीभर झोपत नाय, ही गोष्ट वेगळी. पण त्याची कपार मी लहानपणी लांबून बघितलीय. मांजर शिरेल असं वाटायचं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो की. बायकापोरं किती विचारलं. तू म्हणालास अभ्यास केलाय. मी चौथी शिकलेला माणूस, अभ्यासासमोर काय बोलणार?”

मी मोबाईल बाजूला ठेवला.

“आणि काल तुम्ही आपल्या अंगावर का घेतलंत?”

“माझं काय होतंय? बावीस वर्षांनी मला कोण काढतोय? तुला मात्र स्टोअरमध्ये घालतील. मग परत तू मला एकेक स्क्रू सही घेऊन देशील. ते मला नको.” त्यांनी डोकं आत घेतलं. “घे माप. पण चिमटा परत लाव. ऊब जाते.”

शनिवारी सकाळी मी हानींच्या केबिनमध्ये गेलो. ते इजिप्तचे, अंगाने भरभक्कम, आणि बोलताना इंग्रजी, अरबी आणि हिंदी एकाच वाक्यात वापरतात. मी दारातच सांगितलं की काकांचा हात मोठा झाला नव्हता, माप माझं होतं आणि ते प्राणिसंग्रहालयातल्या कोठडीचं होतं.

हानींनी ड्रॉइंग मागवलं. टेबलावर पसरलं. बराच वेळ ते कोपऱ्यातल्या एका चौकोनाकडे बघत राहिले. मला वाटलं आता स्टोअर.

“हे काय आहे?” त्यांनी बोट ठेवलं.

“तुमची सही, मुहंदिस.” मुहंदिस म्हणजे अरबीत इंजिनियर, त्यांना सगळे तशीच हाक मारतात.

“माझी सही. मी न बघता केली. कारण आकडे फार सुंदर होते.” त्यांनी नाक खाजवलं. “म्हणजे या कंपनीत दोन मूर्ख. आणि एक सुतार, जो हिंदीत खोटं बोलतो. बुधवारपर्यंत काय करता येईल ते सांग. स्टोअरचं बुधवारी बघू.”

गुहा मोडायची तर दोन दिवस जाणार होते. असे खोटे खडक बांधायच्या कामाला आम्ही रॉकवर्क म्हणतो. आधी प्लायच्या फासळ्या उभ्या करायच्या, जहाजाच्या सांगाड्यासारख्या. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून ठोकायची. जाळीवर सिमेंट आणि फायबरचा लेप द्यायचा, तो ओला असताना त्यात खडकाच्या भेगा कोरायच्या, वाळल्यावर रंग. मोडायला फार मेहनत पडते, कारण जाळी आणि सिमेंट एकमेकांना सोडत नाहीत.

दत्तूकाका गुहेभोवती दोनदा फिरले. मग म्हणाले, “मोडायची नाय. हिला डोंगर समज.”

“म्हणजे?”

“ही बाहेरची राहू दे. हिच्या आत खरी गुहा बांधू. मधल्या पोकळीत माती आणि मुळं दाखवू. समोरची बाजू कापून उघडी ठेवू, पोरांना आत दिसेल. डोंगर तयार आहे, त्यात नुसतं बीळ पाडायचं.”

हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण अस्वलही तेच करतं. आयता डोंगर, आयती मुळं बघतं, आणि गरजेपुरतं उकरतं.

आता माप. मी टेप काढली. काका म्हणाले, “टेप ठेव. मॉडेल आण.” आम्ही चौघांनी मॉडेल उचलून जमिनीवर ठेवलं. काकांनी त्याच्याभोवती खडूने रेघ मारली, रेघेबाहेर चार बोटं सोडली आणि म्हणाले, “एवढी. झोपणाऱ्याच्या अंगावरून जागा काढायची, जागेवरून झोपणारा नाय.” मग मी टेपने ते मोजलं आणि ड्रॉइंगवर उतरवलं. जंगली अस्वलांच्या लिखाणात एका ठिकाणी आतल्या जागेचा अंदाज दिला होता, त्याच्याशी ताडून पाहिलं. जवळपास जुळत होतं. तेव्हा मला जरा धीर आला.

तोंडाचं माप मात्र राहिलं. ‘अंग चोरून’ म्हणजे किती, हे मॉडेलवरून कळेना, कारण मॉडेल गुंडाळलेलं होतं आणि फायबरचं होतं. ते काही अंग चोरणार नव्हतं.

रफिकभाई रंगाचं काम बघतात. श्रीवर्धनकडचे आहेत. त्यांनी ब्रश धुता धुता हानींच्या केबिनकडे नजर टाकली. “आपल्याकडे अस्वलाच्या अंगाचा एक माणूस आहे,” ते म्हणाले. “विचारायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे.”

विचारायचं काम माझ्यावर आलं. ड्रॉइंग माझं ना.

मी फार घाबरत घाबरत सांगितलं, की तांत्रिक कारणासाठी एका मोठ्या देहाच्या व्यक्तीची गरज आहे. हानींनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर उभ्या असलेल्या काका आणि रफिकभाईंकडे पाहिलं. दोघं फार गंभीर चेहऱ्याने छताचे पंखे बघत होते.

“किती मोठ्या?” हानींनी विचारलं.

“साधारण… प्रौढ मादी अस्वलाएवढ्या.”

“मादी,” हानी म्हणाले. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि बाहेर आले.

काकांनी प्लायमध्ये एक गोल कापला होता. हानी गुडघ्यावर बसले, डोकं घातलं, खांदे घातले. पोटापाशी सहज पुढे सरकले. “मोठं आहे,” आतून आवाज आला. काकांनी दुसरा तुकडा कापला, जरा लहान. या वेळी खांदे अडकले. हानींनी एक हात पुढे काढला, खांदा तिरका केला, श्वास सोडला आणि कसेबसे सरकले. पँटची शिलाई कुठेतरी बोलली. सगळं वर्कशॉप काम थांबवून उभं होतं. कोणी हसत नव्हतं, पण वेल्डर लोकांनी उगाच मास्क तोंडावर ओढून घेतले होते.

“हेच,” हानी आतून म्हणाले. “लिही. हेच माप.”

मी लिहिलं. ते लगेच बाहेर आले नाहीत. आतल्या खोलीचा सांगाडा तयार होता, त्यात जाऊन पडून राहिले.

“मुहंदिस, ठीक आहात ना?”

“नितेश,” त्यांनी मला आतून हाक मारली, “इथे छान वाटतंय. मोबाईल लागत नाही. क्लायंटला सांग, मार्चमध्ये फोन करा.”

तेव्हा मात्र सगळे हसले. मीसुद्धा. गुरुवारपासून पहिल्यांदाच.

सोमवारी लेप झाला, मंगळवारी रंग. राहिलं अंथरूण. काळं अस्वल हिवाळ्याआधी पालापाचोळा, गवत, मऊ डहाळ्या पंजांनी ओढून आत आणतं आणि त्याचं घरटं करतं, पक्ष्यासारखं, मधे खोलगट. अंगाखालच्या गार जमिनीपासून ते अंथरूणच त्याला वाचवतं. आता कुवैतमध्ये पालापाचोळा कुठून आणणार? इथल्या झाडांची पानं झाडून लगेच उचलली जातात. रफिकभाईंचा एक गाववाला जहराला गुरांच्या चाऱ्याच्या दुकानात आहे. त्यांनी त्याच्याकडून सुकं गवत आणलं. मॉडेल ज्या खोक्यातून आलं, त्यात भरलेली सुकी पानंही आम्ही जपून ठेवली होती. मॉलमध्ये सुकं काही न्यायचं तर आग लागू न देणारं औषध त्यावर फवारावं लागतं. ते फवारलं, वाळवलं.

रफिकभाईंनी अंथरूण पसरलं. ते स्वच्छ काम करणारे. चारी कोपरे सारखे, वरून हात फिरवून सपाट. एखाद्या लॉजमधली गादी वाटावी असं.

“हे अस्वलाने केलंय असं वाटत नाही,” मी म्हणालो. त्या आठवड्यात मी न घाबरता बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

“मग कॉलेजवाल्या, अस्वल आण,” रफिकभाई म्हणाले.

दत्तूकाकांनी चप्पल काढली. तोंडातून आत सरकले, गवतावर कुशीला झाले, गुडघे पोटाशी घेतले, दोन-तीनदा अंग घुसळलं, पायाने कडेचं गवत आत ओढून घेतलं. मग आले तसे बाहेर आले. मधे बरोबर खळगा झाला होता. कडा उंच, मधे खोल. रोज झोपताना ते हेच करत असावेत. आम्ही त्यात मॉडेल ठेवलं. ते बसलं ते असं बसलं, की काढायलाच त्रास झाला असता. दोन पिल्लं पोटाच्या घडीत नुसती नाकापुरती दिसत होती.

बुधवारी डॉक्टर नूरा आल्या. पेंग्विनचा एक कॅटलॉग त्यांच्या हातात होता. त्या डोंगरासमोर उभ्या राहिल्या. कापलेल्या बाजूने न बघता त्यांनी आधी तोंड शोधलं. ते मुळांच्या आड होतं, पटकन दिसत नव्हतं. त्या खाली बसल्या आणि मोबाईलचा टॉर्च आत धरला. मी माझ्या मनात स्टोअरमधल्या रॅकचे नंबर आठवत होतो.

“आम्ही हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकतो,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझे वडील तंबूची पाठ नेहमी वाऱ्याकडे करायचे. आणि आजी म्हणायची, तंबू लहान ठेवा, नाहीतर शेजारच्यांनाही बोलवावं लागेल.” मग त्या उठल्या. “तोंडाचं माप कुठून घेतलं? हे मला कुठे तयार मिळालं नसतं.”

मी हानींकडे पाहिलं. हानींनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे उत्तर मी देऊ नये.

“प्रत्यक्ष मोजून,” मी म्हणालो.

“कोणाला?”

“मला,” हानी म्हणाले. “लिहून ठेवा, मादी.”

डॉक्टर नूरांनी कॅटलॉग पर्समध्ये घातला. जाताना एकच बदल सांगितला. फलकावर आम्ही ‘अस्वलाचं घर’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, घर नको, काळं अस्वल सहसा पुढच्या वर्षी दुसरी जागा शोधतं. रफिकभाईंनी लगेच पुसून ‘या हिवाळ्यापुरती जागा’ असं लिहिलं. ते वाचून काका म्हणाले, “बावीस वर्षांपूर्वी मीही असंच सांगून निघालो होतो घरातून.” आणि ते सामान बांधायला लागले, कारण गुरुवारी सकाळी ट्रक येणार होता.

प्रदर्शन वेळेवर सुरू झालं. मुलांना अस्वलापेक्षा गुहेच्या तोंडातून रांगत जाणं जास्त आवडलं. त्यासाठी आम्ही मॉडेलशिवायची दुसरी गुहा शेजारी बांधून दिली. पहिल्या आठवड्यात दोन वडील त्यात अडकले. दोघांनाही काही झालं नाही.

मी स्टोअरमध्ये परत गेलो नाही. हानींनी मला बोलावून तीन महिने संपल्याचं सांगितलं आणि एक नवीन नियम केला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सहीच्या चौकोनाशेजारी आता आणखी एक चौकोन असतो. प्रत्येक माप कुठून आलं, ते त्यात लिहायचं. तो भरलेला नसेल तर ते सही करत नाहीत.

सध्या डॉक्टर नूरांचंच दुसरं काम चालू आहे. इथल्या वाळवंटात डब नावाचा काटेरी शेपटीचा मोठा सरडा असतो, तोही थंडीत बिळात राहतो. त्याच्या बिळाचा उभा छेद दाखवायचा आहे. गेल्या आठवड्यात दत्तूकाका माझ्या टेबलाशी आले. “प्रोफेसर, बीळ किती खोल?”

“माहीत नाही, काका. विचारलंय. अजून उत्तर नाही आलं.”

“मग प्लाय कापायला घेऊ नको?”

“नको.”

“बरं,” ते म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

ड्रॉइंगवर चार मापं आहेत. तीन मापांपुढे मी ती कुठून घेतली ते लिहिलं आहे. चौथ्यापुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलं आहे. हे दोन शब्द लिहायला मला कॉलेजची इतकी वर्षं आणि एक अस्वल लागलं. हानींनी ते वाचलं आणि सही केली.